पाखरांना ऐकू येऊ द्या

मृगाच्या तोंडावर मावळातला शेतकरी ज्याच्याकडे कान लावून असतो, तो पक्षी म्हणजे पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं तो सांगतो, ही आपली जुनी समजूत. पण पावशाचं बोलणं आपल्यासाठी नसतंच. तो मादीला साद घालतो आणि दुसऱ्या नराला बजावतो, की हा इलाखा माझा आहे. दयाळ, बुलबुल, शिंपी, भारद्वाज या सगळ्यांचं हेच. पाखराचं गाणं जिथवर ऐकू जातं, तिथवर त्याचा संसार. मधेच गोंगाट उठला, की त्या संसाराची हद्द आकसते.

मावळातल्या आंबीचंच बघा. तळेगाव दाभाड्याजवळ इंद्रायणीकाठचं हे गाव. एका अंगाला नदी आणि भातखाचरं, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. पहाटेच्या पहिल्या पाळीसाठी कामगारांच्या बसगाड्या निघतात, मागून कंटेनर आणि ट्रेलर. उन्हाळ्यात पाखरांची मैफल रंगते तीही याच वेळी. पहाटे हवा शांत असते, आवाज लांबवर पोचतो. म्हणून दयाळासारखा गवई शेंड्यावर बसून याच वेळी गातो.

आता थोडं आवाजाच्या गणिताबद्दल. वाहनांच्या घरघरीचा बहुतेक जोर दोन हजार हर्ट्झच्या खाली, म्हणजे खालच्या पट्टीत असतो. भारद्वाजाचा घुमणारा हुंकार आणि होल्याचं घुमणं याच पट्टीतलं, म्हणून तेच आधी झाकून जातं. शिंप्याचा किंवा सूर्यपक्ष्याचा बारीक, उंच आवाज त्यातूनही वाट काढतो. गोंगाट सगळ्यांना सारखा जाचत नाही. ज्याचा गळा खालचा, त्याला तोटा जास्त.

मग पाखरं करतात काय? वरातीत ढोल वाजत असला की आपण शेजारच्याशी ओरडून बोलतो, तसंच तीही करतात. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी माणसाची ही सवय १९११ मध्ये मांडली. पुढे ती पक्ष्यांतही दिसली. बर्लिनमध्ये हेन्रिक ब्रूम यांनी नाइटिंगेल पक्ष्यांचा आवाज मोजला. गजबजलेल्या जागेतले नर १४ डेसिबलपर्यंत मोठ्याने गात होते. १४ हा आकडा लहान वाटेल, पण शक्तीच्या हिशेबात ही वाढ पंचवीसपट होते. नेदरलँड्सच्या लायडन शहरात २००३ मध्ये असं आढळलं, की गोंगाटातले ग्रेट टिट, म्हणजे आपल्या रामगंगऱ्याचे भाऊबंद, आपली खालची पट्टीच वर नेतात. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये दिवसा जिथे फार गलका, तिथले रॉबिन रात्री गाताना सापडले.

वाटेल, की पाखरांनी मार्ग काढला, प्रश्न मिटला. तसं नाही. सूर बदलला तर मादीला तो पसंत पडेलच असं नाही. शिवाय गाण्यापलीकडेही बोलणं असतं. शिक्रा दिसला की सातभाई कलकलाट करतात, माणूस किंवा कुत्रं अंड्यांकडे सरकलं की टिटवी ओरडते. ही इशारत वेळेवर पोचली नाही, तर जीव जातो. घरट्यातल्या पिल्लालाही आईबापांची हाक ऐकू यावी लागते.

आणि काही पाखरं जागाच सोडतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात संशोधकांनी रस्ता नसलेल्या रानात अर्धा किलोमीटर ध्वनिक्षेपक लावले आणि त्यांवरून फक्त रहदारीचा आवाज ऐकवला. ना गाडी, ना धूर, ना डांबर. तरीही तिथली पाखरं पाव हिश्श्याहून अधिक घटली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवून दिलं, की नुसता आवाजही पाखरांना हुसकावतो.

याची दुसरी बाजू मात्र आशेची आहे. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को शहर शांत झालं. तिथल्या पांढऱ्या पट्ट्याच्या चिमण्यांनी लगेच आवाज खाली आणला आणि हळू गाऊनही त्यांचं गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोचू लागलं. नदीतलं रसायन निवळायला वर्षं लागतात, जमिनीत गेलेलं प्लास्टिक तर पिढ्यान्‌पिढ्या राहतं. गोंगाटाचं तसं नाही. तो थांबवला की त्याच क्षणी संपतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. हे नियम माणसाच्या कानासाठी केलेले आहेत. सकाळी सहाला कायद्याचा दिवस उजाडतो आणि गोंगाटाला मोकळीक मिळते. पाखरांच्या गाण्याला मात्र तेव्हाच शांतता हवी असते.

कारखाने बंद करा, असं मी म्हणत नाही. मावळातल्या अनेक घरांच्या चुली त्यांच्यावर पेटतात. पण मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे पाखरांच्या विणीच्या दिवसांत, काही गोष्टी सहज जमतील. कंपन्यांनी पहाटेच्या गाड्यांना विनाकारण हॉर्न वाजवू नये अशी ताकीद द्यावी. जनरेटरला आवाज अडवणारं आवरण घालावं. ग्रामपंचायतींनी नदीकाठची करंज, उंबर, जांभूळ राखावीत आणि तिथे डीजेला परवानगी देऊ नये. आणि तुम्ही-आम्ही उद्या सकाळी गाडी काढताना हॉर्नवरचा हात आवरावा. याला पैसा लागत नाही, सरकारी मंजुरीही लागत नाही.