लाल विटांच्या एका घराचे दोन जन्म



डब्लिन शहरात, लिफी नदीच्या उत्तरेला, हेन्रिएटा स्ट्रीट नावाचा एक आखूड रस्ता आहे. त्याच्या दुतर्फा लाल विटांची उंच घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. ल्यूक गार्डिनर या पेढीवाल्याने १७२० च्या दशकात इथे बांधकाम सुरू केले. त्यातले १४ क्रमांकाचे घर १७४० च्या दशकाच्या अखेरीस बांधले गेले. जुनी वास्तू जपायची म्हणजे तिचे कोणते वय जपायचे, या प्रश्नाला या घराने दिलेले उत्तर हा आजचा विषय आहे.

अशा घराच्या रचनेची सुरुवात सामाईक भिंतीपासून होते. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे उजेड आणि वारा फक्त पुढून आणि मागून. घर पसरत नाही, उंच वाढते. मग पुढच्या भिंतीत नक्षीपेक्षा खिडक्यांच्या मापाला महत्त्व येते. जॉर्जियन काळातली सर्वसाधारण रीत अशी, की पाहुण्यांच्या दालनांच्या खिडक्या सर्वांत उंच आणि वरच्या मजल्यांवर त्या आखूड होत जातात. कोणत्या मजल्याचा मान किती, हे रस्त्यावरूनच कळते. छप्पर कठड्याआड जाते आणि बाहेर उरते ती विटांची सपाट, शिस्तशीर भिंत.

पैसा खर्च होई तो आत. या घराचे पहिले रहिवासी लॉर्ड रिचर्ड मोल्सवर्थ हे सेनानी होते. त्यांच्या घरात उंच दालने होती आणि पाहुण्यांसाठी भव्य जिना होता. नोकरांसाठी मागच्या बाजूला वेगळा, साधा जिना होता. एकाच छपराखाली दोन प्रकारची माणसे एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत, म्हणून हा सारा आराखडा.

१८०१ साली आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली आणि उमराव डब्लिन सोडू लागले. आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळानंतर कर्जबाजारी जमीनदारांच्या मिळकती विकणारे न्यायालय काही वर्षे याच घरात भरत असे. नंतर इथे लष्करी तुकडी राहिली.

१८७७ मध्ये थॉमस व्हान्स या घरमालकाने भव्य जिना काढून टाकला आणि घराची १९ बिऱ्हाडे केली. जिन्याच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या. वर जायला उरला तो नोकरांचा जिना. १९११ च्या जनगणनेत या एका घरात १०० माणसे राहत होती, आणि त्या छोट्याशा रस्त्यावर ८५० हून अधिक. उमरावांच्या दालनांत फळ्या ठोकून खोल्या पाडल्या गेल्या. छताची गिलाव्यातली नक्षी मात्र वर तशीच राहिली.

हे हाल एका घरापुरते नव्हते. सप्टेंबर १९१३ मध्ये जवळच्याच चर्च स्ट्रीटवर अशी दोन जीर्ण घरे कोसळून सात जण दगावले, तेव्हा सरकारला शहरातल्या भाड्याच्या खोल्यांची चौकशी करावी लागली.

हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या या घरातली शेवटची बिऱ्हाडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस गेली. २००० साली डब्लिन नगरपालिकेने ते ताब्यात घेण्याची प्रक्रिया सुरू केली, पुढे सुमारे दहा वर्षे दुरुस्ती चालली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिथे संग्रहालय उघडले.

या दुरुस्तीची खरी थोरवी पुढे आहे. जुन्या वैभवाची नक्कल करून तो भव्य जिना पुन्हा उभारता आला असता आणि भाडेकरूंची शंभर वर्षे पुसून टाकता आली असती. तसे केले नाही. दालनांची नक्षी जपली, तशाच रंगांच्या थरांनी भरलेल्या भिंती आणि झिजलेल्या पायऱ्याही जपल्या. जिन्याच्या भिंतींवरचा गेरूसारखा लाल आणि ‘रेकिट्स ब्लू’ हा निळा रंग भाडेकरूंच्या काळाची खूण म्हणून राखला. कपड्यांना घालायची ती नीळ. आपल्याकडे घरोघरी वापरली गेलेली ‘रॉबिन ब्लू’ त्याच रेकिट कंपनीची.

पूर्वीच्या भाडेकरूंच्या आठवणीही नोंदवून घेतल्या गेल्या आणि त्यांच्या आधारे एक बिऱ्हाड पुन्हा मांडले गेले. वास्तुतज्ज्ञाचे मोजमाप आणि तिथे वाढलेल्या माणसाचे सांगणे, दोन्ही एकाच कामाची साधने मानली गेली. आपल्याकडचा एखादा जुना वाडा किंवा चाळ पाडण्यापूर्वी वा दुरुस्त करण्यापूर्वी नकाशे काढतानाच तिथल्या रहिवाशांकडून खोलीनिहाय माहिती लिहून घेण्याचे काम कोणत्याही नगरपालिकेला आजपासून सुरू करता येईल.