ज्याला पळता येते त्याचा कर कमी होतो
(मऊरानीपुर, जि. झाशी येथे शाखा मेळाव्यात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी साथींपुढे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



हिंदीतील मुख्य सभा आताच संपली. चहा होईपर्यंत मराठी मंडळींनी एकत्र बसावे असे ठरले, म्हणून आपण इथे जमलो आहोत. झाशी विभाग 2003 पर्यंत मध्य रेल्वेत होता. भुसावळ, नाशिकरोड, नागपूरकडून बदलून आलेली आपली माणसे इथे राहिली, इथलीच झाली. विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला तरी आपली भाषा आणि आपला झेंडा आपण सोडला नाही.

आजचा विषय ऐकून काही साथी हसले. महागड्या मोटारींवरचा विक्रीकर कमी होतो, त्याच्याशी गँगमनचा, पॉइंट्समनचा, पोस्टमनचा काय संबंध? आपल्यापैकी कोण चाळीस लाखांची गाडी घ्यायला निघाला आहे? कोणी नाही. म्हणूनच हा विषय आपला आहे. तिजोरीत जो भरत नाही, त्याच्या वाट्याचे कोणाला तरी भरावे लागते. आणि आपण मागणी घेऊन गेलो की आपल्याला एकच उत्तर मिळते, तिजोरीत पैसा नाही.

आधी आपल्याच घरातली गोष्ट सांगतो. आपली लाईन कशी आहे पाहा. झाशीहून गाडी सुटली की ओरछा मध्य प्रदेशात, बरुआसागर उत्तर प्रदेशात, निवाडी पुन्हा मध्य प्रदेशात, मऊरानीपुर उत्तर प्रदेशात आणि पुढे हरपालपूर परत मध्य प्रदेशात. एका डब्यात बसल्या जागी माणूस इतक्या वेळा राज्य बदलतो. त्यामुळे इकडच्यापेक्षा तिकडे कर कमी आहे का, ही चौकशी इथे लहान मुलालाही ठाऊक असते.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका गँगमन साथीने स्कूटर घ्यायचे ठरवले. हद्दीपलीकडे घेतली तर काही पैसे वाचतील असा हिशेब निघाला. खोटे कशाला बोलू, तो सल्ला त्याला आम्हीच युनियनच्या कचेरीत बसून दिला. स्कूटर आली, पेढे वाटले. मग पुढे दुसऱ्या राज्याचा नंबर म्हणून अडवणूक सुरू झाली. ना-हरकत दाखला आणा, इथला कर भरा, नव्याने नोंदणी करा. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे गाडी जिथे कायम ठेवायची तिथे नोंदवावी लागते, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्या साथीच्या किती तरी रजा खेटे घालण्यात गेल्या आणि वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त खर्च झाला. कायदा चूक नव्हता, आमचा सल्ला चूक होता. पण त्या दिवशी आम्ही एक धडा शिकलो. गरिबाने हद्द ओलांडली तर त्याला परत आणतात. श्रीमंताने ओलांडली तर काय होते, ते आता ऐका.

जुन्या विक्रीकराच्या काळात प्रत्येक राज्याचा दर वेगळा होता. एका राज्याने दर उतरवला की शेजारचे राज्य आणखी उतरवी, कारण गिऱ्हाईक तिकडे जाईल ही भीती. या चढाओढीत सगळ्याच राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होऊ लागल्या. शेवटी नोव्हेंबर 1999 मध्ये मुख्यमंत्र्यांची परिषद झाली आणि 1 जानेवारी 2000 पासून ठरावीक किमान दराच्या खाली कोणी जायचे नाही असे ठरले. म्हणजे ही चढाओढ नुकसानीची आहे, हे सरकारांनी पंचवीस वर्षांपूर्वीच मान्य केले होते.

पण विक्रीकराची वाट बंद झाली तरी रस्ता-कराची वाट उघडी राहिली. पुदुचेरीत हा कर कमी. केरळमधल्या बड्या लोकांनी तिथले पत्ते दाखवून तिथे आलिशान गाड्या नोंदवल्या आणि फिरवल्या केरळात. 2017 साली हे प्रकरण गाजले, गुन्हे दाखल झाले.

आता आपल्या महाराष्ट्रात या. तिथल्या गाड्याही बाहेर नोंदल्या जात होत्या. 2017 साली महाराष्ट्र सरकारने मोटार वाहन कराला 20 लाखांची कमाल मर्यादा घातली. गाडी कितीही महाग असो, 20 लाखांवर कर नाही. 2025 च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा 30 लाख केली, हे चांगले झाले. तरी हिशेब करून पाहा. पेट्रोलवर चालणारी आठ लाखांची साधी गाडी घेणाऱ्याला 11 टक्क्यांप्रमाणे 88 हजार भरावे लागतात. वीस लाखांच्या वरच्या गाडीचा दर 13 टक्के आहे. पण चार कोटींच्या गाडीचा कर 30 लाखांवर थांबतो, म्हणजे पडला साडेसात टक्के. मास्तर, क्लार्क, पोस्टमन यांनी कर्ज काढून घेतलेल्या गाडीवर 11, आणि चार कोटींच्या गाडीवर साडेसात. आपल्या साबणाच्या कराला, आपल्या औषधाच्या कराला अशी कमाल मर्यादा कधी कोणी घातली आहे काय?

साथींनो, इथेच सगळे मर्म आहे. ज्याला पळून जाता येते, त्याला थांबवण्यासाठी सरकार कर कमी करते. ज्याला पळता येत नाही, त्याचा कर आहे तिथे राहतो. आपला आयकर पगाराच्या पत्रकातूनच कापला जातो. आपले मीठ-तेल कोपऱ्यावरच्या दुकानातच घ्यावे लागते. आपण पुदुचेरीला जाऊन साबण आणणार नाही.

1 जुलै 2017 पासून विक्रीकर, व्हॅट जाऊन जी.एस.टी. आला. त्या पहिल्याच दिवशी मोठ्या गाड्यांवरचा एकूण कर आधीपेक्षा कमी झाला आणि कंपन्यांनी किमती उतरवल्या. ही चूक सरकारच्या लक्षात आली, सप्टेंबर 2017 मध्ये अधिभार वाढवला आणि मोठ्या एस.यू.व्ही. गाड्यांवर एकूण कर 50 टक्के झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून अधिभार काढून तो सरसकट 40 टक्के केला.

त्याच दिवशी आपल्यालाही काही मिळाले, ते नाकारणार नाही. साबण, तेल, टूथपेस्ट 18 वरून 5 वर आले. लहान गाड्या 18 टक्क्यांवर आल्या. 350 सी.सी. पर्यंतच्या मोटारसायकलींचा कर 28 वरून 18 झाला. 2025 च्या अर्थसंकल्पात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकरातून दिलासा मिळाला. चांगल्याला चांगले म्हणण्याइतकी आपली संघटना मोठी आहे. पण तुलना करायला हवी. समजा आपल्या घरात महिन्याला हजार रुपयांचा असा माल लागतो. 13 टक्के वाचले, म्हणजे महिन्याला 130 आणि वर्षाला 1,560 रुपये. कराशिवाय चाळीस लाख किंमत असलेली मोठी गाडी घेणाऱ्याचे दहा टक्क्यांनी एकदम चार लाख वाचले. तेवढी बचत करायला आपल्या घराला अडीचशेहून जास्त वर्षे लागतील. दिलासा दोघांनाही मिळाला, असे म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

आता विजेच्या गाड्यांकडे येतो. 1 ऑगस्ट 2019 पासून विजेच्या गाडीवर जी.एस.टी. 5 टक्के आहे, मग ती दहा लाखांची असो की एक कोटीची. आपल्या शेजारचे रानीपुर टेरीकॉट कापडासाठी ओळखले जाते. तिथल्या विणकराच्या कृत्रिम सुतावर सप्टेंबर 2025 पर्यंत 12 टक्के कर होता. सायकलवरही 12 टक्के होता. म्हणजे सहा वर्षे या देशात पोस्टमनच्या सायकलवर आणि विणकराच्या सुतावर 12 टक्के आणि कोटीच्या विजेच्या मोटारीवर 5 टक्के असा न्याय चालला. आता तिघांनाही एका पंगतीत 5 टक्क्यांवर बसवले आहे. आपल्या रेल्वेत वातानुकूलित डब्याच्या तिकिटावरही तेच 5 टक्के. आजारी आईला घेऊन थर्ड ए.सी. ने मुंबईला निघालेला माणूस आणि कोटीची गाडी घेणारा, दोघांना एकच दर. टपाल खात्यातील साथींना तर हे रोज खिडकीवर दिसते. नोकरीचा अर्ज स्पीड पोस्टाने धाडणाऱ्या बेकार मुलाकडून तुम्ही 18 टक्के वसूल करता.

आणि मार्च 2025 मध्ये महाराष्ट्रात काय घडले ते विसरू नका. 10 मार्चला मांडलेल्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी 30 लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला होता. त्याच अर्थसंकल्पात सी.एन.जी. व एल.पी.जी. वरच्या खाजगी चारचाकींचा कर एक टक्क्याने वाढवला. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत महाग विजेच्या गाड्यांवरचा 6 टक्के कर मागे घेतल्याचे जाहीर केले. त्यातून फारसे उत्पन्न येणार नाही आणि विजेच्या वाहनांबाबत चुकीचा संदेश जाईल, असे कारण दिले. सी.एन.जी. चा एक टक्का मात्र जुलैपासून लागू झाला. साठ लाखांच्या गाडीवर 6 टक्के म्हणजे 3 लाख 60 हजार होतात. ते सोडले. पेट्रोल परवडत नाही म्हणून सी.एन.जी. ची गाडी घेणाऱ्याकडून एक टक्का जादा घेतला. इकडे उत्तर प्रदेशातही जुलै 2024 मध्ये हायब्रीड गाड्यांचा नोंदणीचा कर माफ केला. दहा लाखांवरच्या गाडीला तो 10 टक्के होता. या गाड्या काही गँगमनच्या क्वार्टरपुढे उभ्या राहत नाहीत.

कोणी म्हणेल, युनियन विजेच्या गाडीच्या विरोधात आहे. मुळीच नाही. तेल बाहेरच्या देशांतून येते, धूर आपल्या मुलांच्या छातीत जातो, हे आम्ही जाणतो. विजेची बस, ई-रिक्षा, कामगाराला परवडणारी विजेची स्कूटर यांना सवलत द्या, आणखी द्या. आणि या देशातले विजेवर चालणारे सर्वांत मोठे वाहन कोणते? आपली रेल्वे. हजार माणसांना एका वेळी नेणाऱ्या गाडीचे जनरल डबे कमी पडतात, तेव्हा डबे वाढवायला पैसा नसतो. साठ लाखांची गाडी घेणारा माणूस साडेतीन लाख वाचतात म्हणून ती घेत नाही, त्याच्याकडे पैसा आहे म्हणून घेतो. त्याला सवलतीची गरजच नाही.

आणखी एक वाट आहे, ती तर पूर्ण कायदेशीर. महाग गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची. मग दरवर्षी 15 टक्के घसारा, कर्जाचे व्याज, ड्रायव्हरचा पगार, सगळे धंद्याच्या खर्चात टाकून आयकर कमी करायचा. मालकाची गाडी म्हणजे खर्च. आणि पहाटे तीनच्या ड्युटीला पोचण्यासाठी रनिंग स्टाफने घेतलेली मोटारसायकल? तिचा एक पैसाही पगाराच्या आयकरातून वजा होत नाही.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. पहिली, विजेच्या गाड्यांची 5 टक्क्यांची सवलत किमतीशी जोडावी. 30 लाखांवरच्या गाडीला ती मिळू नये. दुसरी, महाराष्ट्राने मागे घेतलेला 6 टक्के कर पुन्हा आणावा, कराची कमाल मर्यादा काढावी आणि सर्व राज्यांनी रस्ता-कराचाही किमान दर ठरवावा, म्हणजे पळायला जागा उरणार नाही. तिसरी, स्पीड पोस्टाने जाणाऱ्या अर्ज-कागदपत्रांवरचा 18 टक्के कर काढावा. आपले ठराव फेडरेशनमार्फत वर जातील, पण प्रत्येक शाखेने आपापल्या खासदाराला पत्रही द्यावे. केंद्र व राज्यांचे अर्थमंत्री जी.एस.टी. परिषदेत बसून दर ठरवतात. तिथे मोटार कंपन्यांचे म्हणणे पोचते. आपलेही पोचले पाहिजे.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःसाठी. पक्के बिल मागा. दुकानदार म्हणतो, बिल नको असेल तर कर सोडतो, आणि आपण खुशीने मान डोलावतो. तो कर त्याच्या खिशात जातो, तिजोरीत जात नाही. दोनशे रुपयांसाठी आपण तेच करतो जे तो वीस लाखांसाठी करतो. त्या स्कूटरच्या वेळी आम्ही दिलेला सल्ला आज कोणाला देणार नाही. ज्याचे स्वतःचे बिल पक्के, त्यालाच दुसऱ्याचे बिल मागण्याचा अधिकार आहे.

2004 नंतर लागलेल्या आपल्या तरुण साथींना जुन्या पेन्शनचे विचारले की तिजोरीकडे बोट दाखवतात. यापुढे असे कोणी बोट दाखवले तर त्याला विचारा, तिजोरीचे दार कोणी उघडे ठेवले? चार कोटींची गाडी साडेसात टक्क्यांत त्याच दाराने बाहेर गेली, तेव्हा पहारा कोणाचा होता?

चहा आला आहे. प्रश्न असतील तर विचारा, उत्तरे देण्यासाठी आम्ही शेवटच्या गाडीपर्यंत इथेच आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!