अपडेट झालं, पण बाबांची सेटिंग्ज कुठे गेली?

 

नेहमी आपण इथे नवीन काय आलं यावर बोलतो. नवीन फोन, नवीन फीचर, नवीन ॲप. आज जरा उलटं करूया. नवीन येताना आपलं जुनं काय काय घेऊन जातं, त्यावर बोलूया. म्हणजे रात्री कॉम्प्युटर नीट बंद करून झोपायचं आणि सकाळी उघडला की तो आपला वाटतच नाही, असं तुमच्याबरोबर कधी ना कधी झालंच असेल. डिफॉल्ट ब्राउझर बदललेला, बंद केलेल्या जाहिराती परत चालू, कीबोर्ड भलताच. आपण दोन शिव्या घालतो, दहा मिनिटं घालवून सगळं परत लावतो आणि विसरून जातो.

मीही विसरायचो. मग एकदा हे आमच्या घरी झालं, आणि ते विसरता आलं नाही.

मी नोकरीसाठी पुण्यात, आई-बाबा सांगलीला. बाबा ६२ वर्षांचे. त्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे आणि त्याचा परिणाम डोळ्यांच्या पडद्यावर झालाय. दिसतं, पण बारीक अक्षर दिसत नाही. तरी रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या सोसायटीचं खजिनदारपद घेतलं. मेंटेनन्सचा हिशेब, पावत्या, मराठीतल्या नोटिसा, सगळं स्वतः लॅपटॉपवर करतात. आणि त्याचा त्यांना भारी अभिमान आहे हां. 'एक रुपया इकडचा तिकडे नाही' हे वाक्य आमच्याकडे जेवताना रोज ऐकायला मिळतं.

मागच्या दिवाळीत मी त्यांच्या लॅपटॉपवर अख्खा दिवस बसलो. अक्षर १७५ टक्के केलं. माऊसचा बाण मोठा आणि पिवळा. मागचा रंग काळा आणि अक्षरं पांढरी, कारण पांढऱ्या स्क्रीनकडे बघून त्यांचे डोळे दुखतात. मराठी कीबोर्ड लावला. हिशेबाची फाईल डेस्कटॉपवर वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली, म्हणजे शोधायला नको. बाबा म्हणाले, "आता कसं, पाटीवर लिहिल्यासारखं दिसतंय."

फेब्रुवारीत एका रात्री अपडेट आलं. लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला. मला याची काहीच कल्पना नव्हती. चार दिवसांनी आईचा फोन आला.

"अरे, बाबा सोसायटीचं काम सोडतो म्हणतायत. स्क्रीनवरचं आता काहीच दिसत नाही म्हणे. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

माझ्या पोटात गोळाच आला. मी बाबांना फोनवर घेतलं. म्हटलं, "बाबा, पेपर वाचता येतोय का?"

"मथळे दिसतात की."

"मोबाईल?"

"तोही दिसतोय."

"मग फक्त लॅपटॉपच दिसत नाही?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग मी आईला व्हिडिओ कॉलवर लॅपटॉपचा स्क्रीन दाखवायला सांगितलं. सगळं पुसलं गेलं होतं. अक्षर बारीक, बाण बारीक, मागे पांढराशुभ्र उजेड, मराठी कीबोर्ड गायब. त्या माणसाला चार दिवस वाटत होतं की आपली नजर अजून गेली. मशीन बदललंय, ही शंकासुद्धा त्यांच्या मनात आली नाही. आणि मला त्रास द्यायचा नाही म्हणून फोनही केला नाही.

ते परत लावायला आम्हाला ४५ मिनिटं लागली. कारण गंमत बघा, अक्षर मोठं करायचं बटण जिथे असतं, तिथे पोचायला आधी बारीक अक्षर वाचावं लागतं!

कोणती सिस्टीम होती, कोणत्या कंपनीचा लॅपटॉप होता, ते नाव मी घेत नाही. कारण हा प्रॉब्लेम एका कंपनीचा नाहीये. जे जगजाहीर झालंय, त्यातली दोन-चार उदाहरणं सांगतो.

विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिलं मोठं अपडेट आलं. त्यात काही लोकांची प्रायव्हसीची सेटिंग्ज मूळपदावर गेली. जाहिरातींसाठीचा आयडी, मागे चालणारी ॲप्स अशी चार सेटिंग्ज. लोकांनी मुद्दाम बंद केलेल्या गोष्टी परत चालू झाल्या. मायक्रोसॉफ्टने काही काळ ते डाउनलोड मागे घेतलं, दुरुस्ती केली आणि सांगितलं की फारच थोड्या लोकांवर परिणाम झाला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये तर काही लोकांच्या फायलीच गेल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं, त्यांच्या जुन्या जागी राहिलेल्या फायली अपडेटने उडवल्या. २ ऑक्टोबरला आलेलं अपडेट काही दिवसांतच थांबवलं आणि १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. यातली वाईट गोष्ट म्हणजे चाचणी करणाऱ्या काही लोकांनी हे आधीच कळवलं होतं. पण त्यांच्या तक्रारीला मतं कमी पडली म्हणून ती खाली राहिली. नंतर मायक्रोसॉफ्टने तक्रार किती गंभीर आहे ते सांगायची सोय केली. म्हणजे आधी 'किती जणांना त्रास झाला' एवढंच बघत होते, आता 'किती मोठा त्रास झाला' हेही बघायला लागले.

फेब्रुवारी २०२० मध्ये आणखी एक. अपडेटनंतर काही लोक लॉगिन झाले तर डेस्कटॉप कोरा! खरं तर फायली तिथेच होत्या. सिस्टीमने त्यांना तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ढकललं होतं आणि मूळ फोल्डरचं नाव बदललं होतं.

मॅकवाल्यांनी हसू नका. जानेवारी २०२५ मध्ये मॅकओएस १५.३ आणि आयओएस १८.३ आलं, तेव्हा ज्या मशीनवर ॲपल इंटेलिजन्स चालतं, तिथे ते सेटअपच्या वेळी आपोआप चालू होऊ लागलं. नको असेल तर तुम्ही जाऊन बंद करा.

आता हे होतं कसं? सोप्या भाषेत सांगतो. विंडोजचं मोठं अपडेट म्हणजे बऱ्याचदा घर बदलणं असतं. जुन्या सिस्टीमचं फोल्डर बाजूला सरकवतात, नवीन सिस्टीम मांडतात आणि मग यादी घेऊन जुन्या घरातलं सामान नव्या घरात आणतात. पॅकर्स अँड मूव्हर्सवाल्यांच्या हातात असते ना, तशी यादी. यादीत जे आहे ते येतं. जे लिहायचं राहिलं, ते मागे राहतं. कधी नव्या घरात त्या कपाटाला जागाच नसते, म्हणजे ते सेटिंगच काढून टाकलेलं असतं किंवा त्याचं नाव बदललेलं असतं. अशा वेळी सिस्टीम काय करते? डिफॉल्ट लावते.

कोडमध्ये ही फक्त एक ओळ असते. 'किंमत सापडली नाही, तर डिफॉल्ट घ्या.' वाचताना किती शहाणी वाटते. पण यात एक घोटाळा आहे. 'या माणसाने कधी काही निवडलंच नाही' आणि 'या माणसाने निवडलं होतं, पण आम्ही ते हरवलं' या दोन्ही गोष्टी त्या ओळीला सारख्याच दिसतात.

आणि ही ओळ मी स्वतः लिहिलेली आहे. हे आज कबूल करायचंय. दोन वर्षांपूर्वी आमच्या ॲपमध्ये रिमाइंडरची वेळ साठवायची पद्धत मी बदलली. ज्यांच्याकडे ॲपचं फार जुनं व्हर्जन होतं, त्यांनी लावलेली वेळ नव्या पद्धतीत आली नाही. त्यांना सगळ्यांना सकाळी ९ची वेळ लागली. तक्रारी आल्या दोन. मी तिकिटावर लिहिलं, 'माहीत आहे, कमी लोकांना होतं, प्राधान्य कमी.' आणि ते बंद केलं.

बाबांचं प्रकरण झालं त्या रात्री मी ते तिकीट परत उघडून वाचलं. दोनपैकी एका बाईंनी लिहिलं होतं, की त्या रात्रपाळी करतात आणि सकाळी ९ला त्या झोपलेल्या असतात. मी तेव्हा ते वाचलंसुद्धा नव्हतं. फक्त आकडा बघितला होता.

२०१८च्या त्या प्रकरणात मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की डेटा गेल्याच्या तक्रारी एक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतक्या आहेत. म्हणजे दहा हजारांत एक. इंजिनिअर म्हणून हा आकडा मला चांगलाच वाटला असता. पण त्या एका घरात तो शंभर टक्के असतो. आणि सेटिंग्ज बदलणारे लोक कोण असतात? काही आपल्यासारखे हौशी. पण बरेचसे असे, ज्यांना डिफॉल्ट चालतच नाही. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांची भाषा इंग्रजी नाही. डिफॉल्टवर परत नेल्याचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. माणसाने निवडलेलं सेटिंग हा त्याचा डेटा आहे. फोटो जपता तसं ते जपा. आणि जपता येत नसेल, तर निदान सांगा. 'ही तीन सेटिंग्ज बदलली आहेत, परत लावू का?' एवढं मोठ्या अक्षरात विचारलं असतं, तर बाबांचे ते चार दिवस वाचले असते.

हे अशक्य आहे का? अजिबात नाही. लिनक्समधल्या डेबियनचं बघा. त्यांचा नियमच आहे की कॉन्फिगरेशन फाईलमध्ये माणसाने केलेले बदल अपग्रेडमध्ये टिकले पाहिजेत. तुम्ही फाईल बदललेली असेल आणि नवीन पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर अपग्रेड तिथे थांबतं आणि विचारतं: तुमची ठेवू की नवीन घेऊ? फरक बघायचाय का? आणि तुम्ही नुसतं एंटर दाबलं, तर तुमचीच राहते. हे सर्व्हरवरच्या फायलींचं आहे, घरातल्या लॅपटॉपवर दर सेटिंगला प्रश्न विचारला तर लोक वैतागतील, हे मान्य. पण 'शंका असेल तेव्हा माणसाचं ठेवा' ही सवय तर उचलता येईल ना?

आता तुमच्यातले काही म्हणतील, मग अपडेट बंदच करून टाकतो. नाही! हे करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं, इंग्लंडमधली हॉस्पिटल्ससुद्धा अडकली. ते ज्या फटीतून शिरलं, ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. दोन महिने आधी! अपडेट हवंच. फक्त आपली तयारी हवी.

तर तयारी काय करायची? पाच गोष्टी सांगतो.

एक. महत्त्वाच्या सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढून ठेवा. त्याच लॅपटॉपवर स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही, तो उघडला नाही तर?

दोन. विंडोज ११ असेल तर अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतं. परीक्षा, प्रेझेंटेशन, वर्षअखेरचा हिशेब असेल तर ढकला. नंतर मात्र नक्की करा. आणि ॲक्टिव्ह अवर्समध्ये तुमच्या कामाची खरी वेळ टाका.

तीन. अपडेटनंतर डेस्कटॉप कोरा दिसला तर घाबरून नवीन काही सेव्ह करू नका. आधी रीस्टार्ट करा, मग फायली शोधा. मोठ्या अपडेटनंतर साधारण १० दिवस जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं. पण फायलींचा बॅकअप वेगळ्या जागी हवाच.

चार. विंडोजवर तीन शॉर्टकट पाठ करा. विंडोज बटण आणि अधिक चिन्ह दाबलं की मॅग्निफायर चालू होतो. विंडोज आणि यू दाबलं की ॲक्सेसिबिलिटीची सेटिंग्ज उघडतात. विंडोज आणि स्पेस दाबलं की कीबोर्डची भाषा बदलते. सगळं बिघडलं तरी हे हाताशी असतं.

पाच. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या मोठ्या माणसांना सांगून ठेवा, की स्क्रीन अचानक वेगळा दिसला तर तो मशीनचा दोष असू शकतो, तुमचा नाही. आणि लगेच फोन करा. त्रास वगैरे काही होत नाही.

बाबा मिरजेला जाऊन आले. पडदा तपासला, आहे तसाच आहे म्हणाले डॉक्टर. आता त्यांच्या टेबलाजवळ भिंतीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद चिकटवलाय. वर ते तीन शॉर्टकट, खाली माझा नंबर. नंबर पाठ आहे त्यांचा, तरी लिहून घेतलाय. खजिनदारपद सोडलेलं नाही. मार्चचा हिशेब त्यांनीच पूर्ण केला.

आणि मी? ते तिकीट परत उघडलं. कोड दुरुस्त केला आणि ज्यांची वेळ बदलली होती, त्यांना मेसेज पाठवला की चूक आमची होती. त्या रात्रपाळीवाल्या बाईंचं उत्तर आलं नाही. बहुतेक त्यांनी ॲप कधीच काढून टाकलं असेल.

तुमचं कोणतं सेटिंग अपडेटने उडवलं होतं आणि ते कसं परत आणलं, ते नक्की कळवा. आणि आज घरी फोन कराल तेव्हा एकदा सहज विचारा, स्क्रीन नीट दिसतोय ना?

चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!