आधी बायकांची ग्रामसभा

गावच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायत कायदाच सांगतो. कारण उघड आहे. मुख्य सभेत सासरे, दीर समोर बसलेले असले, की पदर सावरत मागे बसलेली बाई नळाच्या पाण्याबद्दलही तोंड उघडत नाही. काही ठिकाणी मात्र महिलांची सभा होतच नाही, सह्यांचं रजिस्टर तेवढं घरोघरी फिरतं! अशी सही करू नका. सभा मागा, बोला आणि आपलं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या. दारूच्या दुकानाविरुद्ध तर महिला मतदार मतदानाचीही मागणी करू शकतात. त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला आवश्यक तेवढी मतं पडली, की दुकानाला टाळं.