सायकलस्वाराच्या जखमेची किंमत कशी ठरते?



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. आता तंजावरला राहतो. सौभाग्यवतींचं माहेर इथलं, तंजावर मराठी घराणं. घरात मराठी चालते, पण पोलिस ठाण्यात आणि कोर्टात तमिळ. नोकरीमुळे मला तमिळ लिहिता-वाचता येते. म्हणून आपली मंडळी, विशेषतः विटा-खानापूर भागातून गलाईच्या धंद्यासाठी इकडे आलेली, कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. मी वकील नाही. पण चौकशीचे कागद वाचण्यात माझी अर्धी नोकरी गेली, तेव्हा कागदात काय शोधायचं एवढं कळतं.

या कागदांत वरचेवर येणारा प्रश्न म्हणजे, "सायकलवाल्याला गाडीनं उडवलं. किती मिळतील?"

हा प्रश्न छोटा नाही. तामिळनाडूत सरकारी शाळेतल्या अकरावीच्या मुलामुलींना सरकार मोफत सायकल देतं. सकाळी नऊच्या सुमारास तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर उभे राहा, म्हणजे किती मुलं बस आणि लॉरीच्या बाजूनं सायकल हाकतात ते दिसेल. शिवाय दूधवाले, बांधकामावरचे मजूर, कारागीर. म्हणजे ज्याच्या घरी शिल्लक नाही, तोच बहुतेक सायकलवर असतो.

लोकांना वाटतं, गाडी मोठी तर पैसे जास्त, किंवा टाके जास्त तर पैसे जास्त. तसं नसतं. भरपाई चार गोष्टींवर ठरते. गाडी सापडली का? चूक कोणाची? जखमेमुळे माणसाचं कोणतं काम गेलं? आणि हे सगळं कागदावर दाखवता येतं का? एकेक पाहू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "सायकलला विमा नाही, लायसन नाही, मग दावा कसला?" असं सांगून लोकांना परत पाठवतात. सायकल हे मोटार वाहनच नाही, त्यामुळे तिला विमाही लागत नाही आणि लायसनही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १४६ प्रमाणे विमा उतरवायची सक्ती धडक देणाऱ्या गाडीवर आहे, आणि ती सक्ती आहे ती रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठीच. सायकलस्वार हा तो तिसरा माणूस. राज्य परिवहनाच्या बसला सरकार विम्यातून सूट देऊ शकतं, पण मग पैसे महामंडळानं स्वतः द्यायचे असतात. चालकाकडे लायसन नसेल, तरी बहुतेक वेळा कोर्ट विमा कंपनीला सांगतं, आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा. एक अपवाद ध्यानात ठेवा. दोन सायकली एकमेकींवर आदळल्या, तर ते प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जात नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट.

आता पहिली गोष्ट, गाडी. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कलम १६१ खालच्या योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख मिळतात. अर्ज महसूल खात्याकडे करायचा. गाडी सापडली, तर कलम १६४ प्रमाणे कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही गंभीर जखमेला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख मिळू शकतात. आणि चूक सिद्ध करायची तयारी असेल, तर कलम १६६ चा दावा, त्याला वरची मर्यादा नाही. मात्र १६४ चे पैसे घेतले की १६६ चा दावा संपतो, म्हणून सही करण्याआधी विचार करा. पाहा, एका नंबरप्लेटवर केवढा फरक पडतो. धडक पाहणाऱ्यानं गाडीचा नंबर टिपला, फोटो काढला, तर त्या घरावर मोठे उपकार होतात. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती सोडा. कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं.

दुसरी गोष्ट, चूक. इथे फौजदारी खटल्यासारखा "संशयापलीकडे" पुरावा लागत नाही. कोणती बाजू जास्त संभवते एवढंच न्यायाधिकरण पाहतं. चालक फौजदारी खटल्यात सुटला म्हणून तुमचा दावा आपोआप पडत नाही. पण सायकलस्वाराचीही थोडी चूक ठरली, तर तेवढे टक्के भरपाईतून कापले जातात. उलट्या बाजूनं येणं, अंधारात दिवा किंवा मागचं परावर्तक नसणं, न पाहता वळणं हे मुद्दे विमा कंपनी मांडतेच. मात्र नियम मोडला एवढंच पुरत नाही. त्या नियमभंगामुळे अपघात झाला हे दाखवावं लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका मोटारसायकलवर तिघं बसल्याचं प्रकरण होतं, मागून कारनं धडक दिली होती. न्यायालयानं म्हटलं, तिघं बसणं हा गुन्हा असेल, पण त्याचा धडकेशी संबंध दिसल्याशिवाय भरपाई कापता येणार नाही. सायकलवर मागे भाऊ बसला होता, हँडलला पिशवी होती, अशा कारणांना हेच उत्तर आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि इथेच लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. सैन्यात मेडिकल बोर्ड अपंगत्वाचे टक्के ठरवतं आणि पेन्शनचा हिशेब त्यावर चालतो. आकडा ठरला की विषय संपला. न्यायाधिकरणात डॉक्टरांचा आकडा ही फक्त सुरुवात असते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात हे नीट मांडलं. हाताचे किंवा पायाचे टक्के वेगळे, सगळ्या शरीराचे टक्के वेगळे, आणि कमाईची शक्ती किती गेली ते आणखी वेगळं. डावा हात गेला, तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते. सरकारी कारकुनाची नोकरी त्याच जखमेनंतर टिकू शकते.

आमच्या तंजावरचं उदाहरण घेऊ. इथली वीणा प्रसिद्ध आहे. फणसाच्या लाकडातून ती कोरतात, सगळं हाताचं काम. समजा, ३८ वर्षांचा एक वीणा-कारागीर सायकलवरून कामाला जाताना कारची धडक बसली आणि उजवं मनगट कायमचं आखडलं. महिन्याची कमाई १२ हजार. त्याचं वय चाळिशीच्या आत आणि धंदा स्वतःचा, म्हणून पुढे कमाई वाढली असती याबद्दल ४० टक्के मिळवायचे, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालात आहे. पुढे २०२० मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की ही वाढ मृत्यूप्रमाणेच कायमच्या अपंगत्वातही द्यायची. म्हणजे झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. आता वयाप्रमाणे गुणक. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला १५ आहे. गुणाकार होतो ३०,२४,०००.

आता बघा. दाखल्यावर शरीराचं अपंगत्व २० टक्के लिहिलंय आणि कमाईचं नुकसानही तेवढंच धरलं, तर हाती येतील ६,०४,८००. पण साक्षीपुराव्यानं दाखवलं की या मनगटानं पटाशी धरता येत नाही आणि कमाई ६० टक्के घटली, तर रक्कम होते १८,१४,४००. मनगट एकच, डॉक्टर एकच, फरक बारा लाखांचा. तो फरक कामाच्या पुराव्यानं पडतो.

हे हवेतलं नाही. कर्नाटकातल्या एका भाजीविक्रेत्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत कापावा लागला. कंपनीचं म्हणणं, बसून भाजी विकता येईल. उच्च न्यायालयानं कमाईचं नुकसान ६५ टक्के धरलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ते ८५ टक्के केलं, कारण भाजीवाल्याला फिरावं लागतं, माल आणावा लागतो. त्याच्याकडे उत्पन्नाचा कागद नव्हता. तरी न्यायालयानं महिना साडेसहा हजार धरले. कागद नसला तर कमाई शून्य असं नाही. मालकाचा दाखला, घाऊक व्यापाऱ्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, यातलं काहीही चालतं. काहीच नसेल, तर सरकारनं ठरवलेलं किमान वेतन आधाराला घेतात.

शाळकरी मुलाचं काय? कमाई नाही म्हणून भरपाई नाही, असंही नाही. काजल विरुद्ध जगदीशचंद या २०२० च्या निकालात मुलगी १२ वर्षांची होती, अपंगत्व शंभर टक्के. न्यायालयानं कुशल कामगाराचं किमान वेतन धरलं, आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या माणसांचा खर्चही १८ च्या गुणकानं दिला. आई घरीच बघते, मग खर्च कसला, हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका. आईच्या वेळेलाही किंमत आहे.

कमाईखेरीज औषधपाणी, प्रवास, सकस आहार, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, पुढची शस्त्रक्रिया, वेदना, आयुष्यातल्या हरवलेल्या सुखसोयी हे सगळे मुद्दे वेगवेगळे मागायचे असतात. मागितलेच नाहीत, तर बऱ्याचदा मिळत नाहीत.

चौथी गोष्ट, कागद. आम्ही सैन्यात म्हणायचो, पहिला रिपोर्ट चुकला की पुढचे दहा रिपोर्ट तो निस्तरण्यात जातात. तामिळनाडूच्या इस्पितळांत जखमी आला की ॲक्सिडेंट रजिस्टरमध्ये नोंद होते. घाबरलेला नातेवाईक सांगतो, "सायकलवरून पडला." डॉक्टर तेच लिहितात. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तीच ओळ वाचून दाखवतो, "स्वतः पडला, धडक कुठे आहे?" म्हणून पहिल्याच वेळी सांगा, "गाडीची धडक बसली", आणि नंबर माहीत असेल तर तोही सांगा. तमिळ येत नसेल, तर तमिळ येणारा माणूस सोबत न्या. जे घडलं तेच सांगायचं, पण पूर्ण सांगायचं.

एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घ्या. मोडकी सायकल भंगारात घालू नका. मार कोणत्या बाजूनं बसला ते तीच सांगते. आधी फोटो काढा. औषधाच्या पावत्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो गेला का, हे जाऊन विचारा. विचारायला संकोच कसला?

उपचाराच्या पैशासाठी घाईनं तडजोड करू नका. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातानंतर ७ दिवस, दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार आहेत. तामिळनाडूची पहिल्या ४८ तासांची वेगळी योजना २०२१ पासून चालू आहे. रस्त्याच्या कडेला दहा हजार हातावर ठेवून "केस नको" म्हणणारा भेटला, तर मघाचा वीणा-कारागिराचा हिशेब आठवा. तडजोड करायचीच असेल, तर जखम स्थिर झाल्यावर, लोकअदालतीत करा. आणि लक्षात ठेवा, तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

मुदत सहा महिन्यांची आहे, १ एप्रिल २०२२ पासून. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता तिथे किंवा गाडीवाला राहतो तिथे लावता येतो. तंजावरात राहणाऱ्याला सांगलीत सुट्टीत अपघात झाला, तर दावा तंजावरला चालू शकतो. निकाल पटला नाही, तर इथल्यांसाठी मद्रास उच्च न्यायालयाचं मदुराई खंडपीठ आहे. आणि "मिळालेल्या रकमेचे इतके टक्के द्या" म्हणणारा वकील भेटला, तर सरळ सांगा, साहेब, बार कौन्सिलच्या नियमात हे बसत नाही. परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

शेवटी एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर मुलांच्या आणि घरी कामाला येणाऱ्या माणसांच्या सायकली बघा. मागे लाल परावर्तक आहे का? नसेल तर लावा, थोड्या रुपयांचं काम आहे. आणि प्रत्येकाला एक वाक्य पाठ करायला लावा, "धडक बसली तर आधी गाडीचा नंबर."