शर्यतीची मोटार आणि संसाराची मोटार



शर्यतीची जुनी मोटार आणि आपल्या दारातली छोटी मोटार यांची तुलना करावयाची म्हटली, की प्रथम हसू येते. एक अरबी घोडा, दुसरे बाजाराचे तट्टू! पण दोघींची बॉनेटे उघडून आत पाहिले, तर निराळेच दिसते.

1912 साली फ्रान्समधील दिएप येथे भरलेली ग्रां प्री शर्यत जॉर्ज ब्वालो याने प्यूजो मोटारीतून जिंकली. दोन दिवसांत सुमारे 1540 किलोमीटर, सरासरी वेग ताशी 110 किलोमीटर. इंजिन 7.6 लिटरचे, शक्ती सुमारे 148 अश्वशक्ती. चार सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह आणि ते उघडण्यासाठी माथ्यावर दोन कॅमशाफ्ट. त्या काळी ही रचना नवलाची होती. आता 2021 ची पेट्रोलवर चालणारी स्विफ्ट घ्या. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट. म्हणजे रचना तीच! मात्र अवघ्या 1.2 लिटरांत सुमारे 89 अश्वशक्ती. लिटरमागे हिशेब केला, तर जुनीचे एकोणीस-वीस आणि नवीचे चौऱ्याहत्तर. प्यूजोचे इंजिन मिनिटाला सुमारे 2200 फेरे घेऊन आपली पुरी शक्ती देई. हे इंजिन त्यासाठी 6000 फेरे घेते.

ब्रेकचीही तीच कथा. त्या प्यूजोच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक लावलेली डूझेनबर्ग 1921 ची फ्रेंच ग्रां प्री जिंकून गेली. 1953 मध्ये ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर मारली. ते ब्रेक आज साध्या मोटारीलाही असतात.

मग सारे श्रेय शर्यतीचेच काय? तसे नव्हे. शर्यतवाला विचारतो, वेग किती? संसारी माणूस विचारतो, माणसे किती बसतील आणि खर्च किती येईल? हा दुसरा प्रश्न आपल्या सांगलीच्या शेजारी, इचलकरंजीत, शंकरराव कुळकर्णी यांनी हाती घेतला. 1949 मध्ये त्यांनी दोन आसनांची चिमुकली मोटार सिद्ध केली आणि पुढे पाव शतक ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. त्यांची ‘मीरा’ बाजारात येऊ शकली नाही. पण तिच्यामागचा प्रश्न खरा होता. आजच्या छोट्या मोटारीत ही दोन्ही स्वप्ने एकत्र आली आहेत.

येथेच आपली जबाबदारी सुरू होते. दिएपला रस्ता रहदारीला बंद होता. ब्वालो कसलेला चालक होता आणि त्याच्या शेजारी मेकॅनिक बसला होता. खंबाटकीच्या वळणावर आपल्यापुढे मालट्रक असतो, एस. टी. असते, उसाची ट्रॉली असते आणि आपल्या शेजारी आपलीच मुले बसलेली असतात. एके काळी विजेत्याच्या हाती असलेला वेग आज आपल्या पायाखाली आला आहे. त्या विजेत्याची सावधगिरी मात्र मोटारीबरोबर विकत मिळत नाही; ती ज्याची त्यानेच कमवावी लागते.