आळीपाळीने श्वास

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. काही मित्रांच्या आग्रहावरून अंकासाठी देत आहे.)



मसाला दूध आटेपर्यंत बोल, असा अध्यक्षांचा हुकूम आहे, तेव्हा थोडक्यात बोलतो.

आपल्या गायकवृंदाच्या फेब्रुवारीतल्या दौऱ्याबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवार झाली, त्याचा फायदा घेऊन आम्ही तीन कार्यक्रम बसवले. शुक्रवारी संध्याकाळी शारजा, शनिवारी अबू धाबी आणि रविवारी दुपारी अल ऐन. बावीस जण, एक बस, पेटी, तबला आणि डबाभर चिवडा. दौऱ्याचं कौतुक पुष्कळ झालं. आज मात्र मला शेवटच्या दिवसाबद्दल सांगायचंय, कारण त्यात माझी एक कबुली आहे.

आपलं शास्त्रीय संगीत मुळात एकट्या गवयाचं. वृंदगानाची गोडी आपल्याला लावली ती राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी, मुंबईत सलील चौधरींनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या बॉम्बे यूथ कॉयरने. वृंदात पहिल्यांदा शिकायचा तो श्वास. लांब सुरावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की सूर तुटतो. म्हणून शेजारचा गात असताना आपण गुपचूप श्वास घ्यायचा आणि हळूच पुन्हा सुरात शिरायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना श्वास लागतच नाही!

आमच्यात एक काकू होत्या. एकतीस वर्षं दुबईत. तालमीला कधी दांडी नाही, पण वरच्या पट्टीत हमखास कणसूर लागायचा. शारजाच्या आदल्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "काकू, पसायदानाला तुम्ही नुसते ओठ हलवा." त्या "बरं" म्हणाल्या. इतकंच. शारजा झालं, अबू धाबी झालं. दोन्हीकडे काकू पहिल्या रांगेत उभ्या राहून ओठ हलवत होत्या.

रविवारी सकाळी दुबईहून अल ऐनला पोचलो. कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून तिथल्या खजुराच्या बागा बघायला गेलो. २०११ पासून त्या जागतिक वारशात आहेत. 'फलज' म्हणतात त्या पाटांनी तिथे पाणी येतं आणि ठरलेल्या पाळीने एकेका बागेत सोडलं जातं. आमचा धुळ्याचा तबलजी हरखून म्हणाला, "अरे, ही तर आमच्या पांझरेकाठची फड पद्धत!"

काकू पाटाच्या कडेला बसल्या होत्या. मी जवळ गेलो तर सहज म्हणाल्या, "मंगळवारी निघतोय रे आम्ही. कायमचे. यांची नोकरी संपली. दौऱ्याचा विरस नको म्हणून कुणाला बोलले नाही."

मला काय बोलावं सुचेना. ज्ञानेश्वरीच्या शेवटी, १२९० साली नेवाशाला माउलींनी पसायदान मागितलं ते सगळ्या प्राणिमात्रांसाठी. आणि तेच गाताना मी एका बाईला गप्प बसवलं होतं!

"काकू, आज गा," मी म्हटलं.

"अरे, आणि कणसूर लागला तर?"

"लागू दे."

लागलाच! तिसऱ्या ओवीपासून शेजारच्या बायकाही त्यांच्याबरोबर खाली सरकल्या. पेटीवाल्याने माझ्याकडे बघून हळूच हात उचलला. तोवर काकू चालल्याची बातमी सगळ्यांना कळली होती. शेवटच्या लांब सुरावर कुणाचा कंठ दाटला, कुणी डोळे पुसले, आणि श्वासाची सगळी शिस्त मोडून आम्ही एकदम थांबलो. एक आवाज तेवढा चालू होता. काकूंचा. किंचित उतरलेला, पण न तुटलेला. मग एकेक जण परत त्यात शिरला.

कार्यक्रमानंतर एक जाणकार गृहस्थ म्हणाले, "शेवटी सूर उतरला हो." मी म्हटलं, "हो, उतरला." त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते मी दुरुस्त करणार नाही.

मंडळी, बहुतेकांचं इथलं राहणं नोकरीशी बांधलेलं. दरवर्षी कुणीतरी जातं, कुणीतरी नवीन येतं. तरी आपला गणपती होतो, दिवाळी अंक निघतो, गाणं चालू राहतं. ते एकाच्या दमावर नाही चालत. एक श्वास घेतो तेव्हा दुसरा गात असतो. एवढी साधी गोष्ट मी इतरांना शिकवत होतो आणि स्वतःच विसरलो होतो.

काकूंना मी तेव्हा नीट 'चुकलो' म्हणालो नाही. परवा फोनवर म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "इथे सोसायटीच्या भजनात गाते मी. मोठ्याने!"

दर गुरुवारी आपली तालीम असते. जरूर या. कणसूर चालेल. नुसते ओठ हलवायला यापुढे कुणालाही सांगणार नाही.

दूध झालेलं दिसतंय. थांबतो. सर्वांना शुभ दीपावली!